दारी झुलणारा हत्ती

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी प्रथम नाही म्हणालो. मी बँकेत लिपिक आहे. पासबुके भरणे, कर्जाचे कागद तपासणे, लोकांच्या सह्या जुळवणे हे माझे काम. बी. ए. झालो त्यालाही आता वीस वर्षे उलटून गेली. अशा माणसाने व्यासपीठावर उभे राहून काय सांगावे? त्यावर कार्यवाह म्हणाले, "तुम्ही मोठी गाडी घेतली होती आणि पाच वर्षांनी विकलीत. लोक अजून विचारतात, का घेतली आणि का विकली. तेवढे सांगा." म्हणून आज मी माझ्या गाडीविषयी बोलणार आहे. गाडी घेतली तेव्हा पाठीमागे जी कुजबुज झाली, "क्लार्कला एवढी गाडी कशाला?", तीही माझ्या कानांवर आली होती. तिचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. आज हिशोबासकट देतो.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करावी लागेल. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखानदारांकडे चालक होते. त्या मालकांनी १९८९ साली कॉन्टेसा घेतली. आज तरुण मुलांना ही गाडी आठवणार नाही, परंतु त्या काळी ती रस्त्यावरून जाऊ लागली की लोक मान वळवून पाहत. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ साली बाजारात आणली. मूळ नमुना इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा. पहिल्या कॉन्टेसाला अँबॅसडरमध्ये वापरायचे तेच दीड लिटरचे इंजिन होते. एवढ्या मोठ्या अंगाला ते पुरेना. पुढे जपानच्या इसुझू कंपनीचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा गाडीला खरा जीव आला. मारुती ८०० १९८३च्या डिसेंबरात निघाली आणि मध्यमवर्गाची गाडी झाली. कॉन्टेसा मात्र मालक लोकांची, मंत्र्यांची आणि सिनेमावाल्यांची राहिली. २००२ साली तिचे उत्पादन बंद झाले.

आबा पहाटे साडेपाचला उठून सायकलने मालकांच्या बंगल्यावर जात. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने गाडी पुसत. बॉनेट उघडून तेल आणि पाणी पाहत. गाडी सुरू करून दोन मिनिटे नुसते ऐकत उभे राहत. ते म्हणायचे, "गाडी मालकाची, पण तिची दुखणी माझी."

१९९४ मधली एक गोष्ट आमच्या घरात नेहमी सांगितली जाते. सकाळी गाडीखाली ब्रेक ऑइलचा लहानसा डाग दिसला. मालकांना तातडीने मुंबईस जायचे होते. ते म्हणाले, "ब्रेक लागतोय ना? मग चालव की." आबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आज नको." नोकरी जाईल ह्या भीतीने आईने त्या दिवशी जेवण केले नाही. मालक टॅक्सीने गेले, संध्याकाळी परत आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गाडी दुरुस्तीला पाठवली. ह्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आणखी एक आठवण माझी स्वतःची आहे. मी पाचवी-सहावीत असेन. आबा गाडी गॅरेजमध्ये नेताना मला बरोबर घेऊन गेले. मी मागचे दार उघडून आत बसलो. ते रुंद, मऊ आसन अजून माझ्या अंगाला आठवते. आबांनी मागे वळून पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "पुढं ये बाळ. ती जागा आपली नाही." ते रागावले नव्हते. परंतु ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. एक दिवस अशीच मोठी गाडी घ्यायची आणि आबांना मागे बसवायचे, असे मी त्याच दिवशी ठरवले. मित्रहो, गाडी घेण्याचे खरे कारण हे होते. पुढची तेवीस-चोवीस वर्षे मी त्याला निरनिराळी नावे दिली, कधी आराम म्हटले, कधी सुरक्षितता म्हटले. पण मूळ कारण हे.

२०१८ साली योग आला. २००८ सालची, जर्मन बनावटीची, डिझेलची मोठी सेडान गाडी विकाऊ होती. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण ह्या गोष्टीत कंपनीचा दोष नाही. नवी घेताना पहिल्या मालकाने चाळीस लाखांच्या आसपास मोजले होते. दहा वर्षांनंतर ती मला सहा लाखांना मिळाली. त्याच सुमारास सहा लाखांत एक साधी नवी लहान गाडी येत होती. मी मनाशी म्हटले, एवढ्याच पैशात हत्ती मिळत असताना शेळी का घ्यावी? दोन लाख माझ्याजवळचे आणि चार लाख सेवकांच्या पतसंस्थेचे, बारा टक्क्यांनी, चार वर्षांच्या मुदतीने. आमच्या सौ. शिक्षिका आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हिचे सुटे भाग कितीला मिळतात, हे विचारलेत का?" मी विचारले नव्हते.

आता मोठ्या गाडीचे सुख काय असते, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्याला मिळाले त्याने द्राक्षे आंबट होती असे म्हणू नये.

पहिले सुख चालीचे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये जे अंतर असते, त्यावर गाडीची चाल पुष्कळ अवलंबून असते. मारुती ८०० मध्ये ते सव्वादोन मीटरच्या आत होते. माझ्या गाडीत ते पावणेतीन मीटरच्या वर. अंतर जास्त असले की खड्ड्यावर गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलत नाही. शिवाय गाडीचे वजन सतराशे किलोच्या घरात. अंग जड आणि त्या मानाने चाक हलके, त्यामुळे खड्ड्यात चाक उडते पण अंग फारसे हलत नाही. माझ्या गाडीला पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे सस्पेन्शन होते. रबराचे जाड फुगे, त्यांत कॉम्प्रेसरने भरलेली हवा, आणि त्या हवेवर सगळी गाडी तोललेली. माणसे किती बसली, सामान किती आहे, हे ओळखून ती आपली उंची आपणच सांभाळते.

दुसरे सुख शांततेचे. दाराला दुहेरी रबर, जाड काच, तळाला आवाज अडवणारे थर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जाताना आम्ही चौघे नेहमीच्या आवाजात बोलत होतो. ह्याचा एक धोकाही आहे. लहान गाडी वेग वाढला की थरथरून आपल्याला सावध करते. मोठी गाडी काही सांगत नाही. काट्याकडे पाहिले नाही तर शंभर कधी ओलांडले ते कळत नाही, आणि समोर वळण आल्यावर सतराशे किलो किती असतात ते कळते.

तिसरे सुख मानाचे, आणि ते सर्वांत फसवे. आमच्या सोसायटीचा पहारेकरी मी स्कूटरवरून आलो की वर्तमानपत्रातून डोके वर काढत नसे. गाडी आल्यावर तो उठून फाटक उघडू लागला आणि सलाम करू लागला. एकदा हॉटेलच्या दारात एका गृहस्थांनी मला "साहेब" म्हणून आधी वाट दिली. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ माझ्या काउंटरवर ड्राफ्टसाठी आले आणि "ए, किती वेळ लावतोस?" म्हणाले. त्यांनी मला ओळखले नाही. मीही ओळख दिली नाही. पण त्या दिवशी मला कळले की सलाम गाडीला होता आणि मी तो उसना घेऊन फिरत होतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते माझे खाते नव्हतेच, मी फक्त खिडकीवर उभा होतो.

तरीही एक गोष्ट मी खाली पडू देणार नाही. ज्यांच्या घरी सायकलसुद्धा उशिरा आली, त्यांच्या मुलाने मोठी गाडी घेतली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. गाडी प्रथम वस्तीत नेली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी बॉनेटवरून हात फिरवला. एक आजी म्हणाली, "आपल्या पोराची हाय." त्या हाताचे मोल मी कोणत्याही वहीत लिहू शकत नाही. माझे म्हणणे एवढेच, की हौस करावी, पण तिची वैरण किती लागते ते आधी मोजावे.

ज्या दिवशी गाडी घरी आणली, त्या दिवशी मी मागचे दार उघडून आबांना म्हणालो, "बसा." त्यांनी आसनावर हात फिरवला, शिवण पाहिली, दार दोनदा लावून आवाज ऐकला. मग पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. मी म्हणालो, "आबा, मागे बसा ना." ते म्हणाले, "मागं बसल्यावर रस्ता दिसत नाय रे मला." एवढी वर्षे जे मनात धरून ठेवले होते, ते असे एका वाक्यात संपले. मला थोडे वाईट वाटले. पण खंडाळ्याच्या घाटात ते ज्या प्रकारे वळणांकडे आणि माझ्या हातांकडे पाहत होते, त्यावरून मला समजले की ते आपल्या हक्काच्या जागी बसले आहेत.

आता हिशोब. जुन्या मोठ्या गाडीचे एक गणित असे आहे, की तिची किंमत उतरते पण तिचा खर्च उतरत नाही. विमा कंपन्यांचे कोष्टक पाहा. गाडी एक वर्षाची झाली की विम्यासाठी किंमत धरताना वीस टक्के वजा होतात, दोन वर्षांनंतर तीस, तीन वर्षांनंतर चाळीस, चार वर्षांनंतर पन्नास. पाच वर्षांपुढे विमा कंपनीने आणि मालकाने आपसांत ठरवावे. म्हणजे चाळीस लाखांची गाडी कागदावर चार वर्षांत निम्मी होते आणि दहा वर्षांत सहा लाखांवर येते. पण तिचे टायर सहा लाखांच्या गाडीचे नसतात. ते चाळीस लाखांच्या गाडीचेच असतात. ब्रेकच्या तबकड्याही त्याच भावाच्या, गिअरबॉक्सचे तेलही त्याच भावाचे. शिवाय साध्या विम्यात अपघाताची भरपाई देताना रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी ह्यांची निम्मीच किंमत मिळते. झिजेने गेलेल्या भागाचे तर काहीच मिळत नाही. आणि जुन्या गाडीत आधी जाते ते रबरच.

माझ्या गाडीचे असेच झाले. पहिल्या वर्षी चार टायर, ४८ हजार. बॅटरी १४ हजार. पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि बुश, ६२ हजार. तिसऱ्या वर्षी गिअरबॉक्सचे काम, ५८ हजार. आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक हाही एक विषय आहे. गाडी लांब आणि बुटकी असल्याने पुढची चाके उतरली तरी पोट टेकते. त्यामुळे प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यावा लागे, आणि मागचे दुचाकीवाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करीत.

२०२१च्या मार्चमध्ये एक नवे लक्षण दिसू लागले. रात्रभर उभी राहिली की सकाळी गाडी पुढच्या डाव्या बाजूला खाली बसलेली असायची. सुरू केली की कॉम्प्रेसर घरघर करी आणि गाडी हळूहळू वर उठे. गॅरेजवाले म्हणाले, "रबराच्या फुग्याला बारीक चीर आहे. हवा गळतेय. फुगा बदला, ३८ हजार लागतील. नाही बदलला तर ती गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळेल." गिअरबॉक्सचे पैसे नुकतेच दिले होते. मुलगी दहावीला होती, तिच्या क्लासची फी भरायची होती. मी म्हणालो, "चालतेय तोवर चालवू." बंधूंनो, हे वाक्य तुम्ही मघाशी ऐकले आहे. ते कॉन्टेसाच्या मालकांचे होते.

त्याच वर्षी जुलै महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास, आईला एकाएकी दम लागला. बाहेर मुसळधार पाऊस होता. मी किल्ली घेऊन खाली धावलो. गाडी पुढून पार खाली बसली होती, चाकांवर पत्रा टेकला होता. इंजिन सुरू झाले, पण कॉम्प्रेसरचा आवाजच आला नाही. तो जळाला होता. गाडी जागची हलवली असती तर चाक पत्र्याला घासले असते. मी तसाच स्टेअरिंग धरून बसलो. मला काय करावे ते सुचेना.

आबा जिन्यावरून उतरले, गाडीकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता शेजारच्या इमारतीतील रिक्षावाल्यांचे दार वाजवले. ते बनियनवर उठून आले. आई-आबा आणि सौ. रिक्षात बसले, मी स्कूटरवर मागून गेलो. पावसात त्या रिक्षाचा लाल दिवा तेवढा दिसत होता, त्याच्यामागे मी चाललो होतो. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. सकाळपर्यंत आईचा श्वास ठिकाणावर आला. आज ती बरी आहे आणि ह्याच सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्या रिक्षावाल्या भाऊंनी भाडे घेतले नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "साहेब, एवढं काय त्यात." त्या रात्रीनंतर "साहेब" हा शब्द मला टोचतो.

सकाळी दवाखान्याच्या बाकावर आबांनी मला विचारले, "मेस्त्रीनं काम कधी सांगितलं होतं?" मी म्हणालो, "मार्चमध्ये." त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग नुसते "बरं" म्हणाले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीसाठी आपली नोकरी पणाला लावून किल्ली टेबलावर ठेवली, त्याच्या मुलाने स्वतःच्या गाडीचे काम चार महिने पुढे ढकलले होते. गाडीने दगा दिला असे मी कधीच म्हणत नाही. ती रोज सकाळी एका बाजूला बसून मला सांगत होती. हप्ता मीच चुकवला होता.

नंतर दोन्ही फुगे आणि कॉम्प्रेसर मिळून १ लाख ४५ हजार लागले. ३८ हजारांचे काम वाचवायला गेलो, त्याची ही किंमत.

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होणार होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, गाडी तपासून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाली होती. ती फी काही मोठी नव्हती. पण तपासणीला नेण्याआधी काय काय करावे लागेल ह्याची यादी गॅरेजवाल्यांनी दिली, आणि त्या रात्री मी आणि सौ. त्यांची वही घेऊन बसलो. ती वही मी आज सोबत आणली आहे.

खरेदी ६ लाख. कर्जावरील व्याज १ लाख ५ हजार ६००. पाच वर्षांचा विमा १ लाख १० हजार. डिझेल २ लाख ७६ हजार ४००. दुरुस्ती आणि देखभाल, ज्यात ब्रेक, वातानुकूलन आणि दर वर्षीचे तेलपाणी धरले आहे, ४ लाख ८० हजार. एकूण १५ लाख ७२ हजार. गाडी विकून आले १ लाख ८० हजार. निव्वळ खर्च १३ लाख ९२ हजार. पाच वर्षांत गाडी चालली ३८ हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेछत्तीस रुपयांहून थोडे अधिक. त्या काळी बाहेरगावी जायला भाड्याची चांगली गाडी, चालकासकट, किलोमीटरला बारा-पंधरा रुपयांत मिळत होती. सौ. नी वही मिटली आणि म्हणाल्या, "हौस झाली ना? मग झाले." त्यांनी पाच वर्षांत मला एकदाही टोमणा मारला नाही, हे मी येथे नोंदवतो.

काही जण विचारतील, पण सुरक्षिततेचे काय? जीव मोलाचा की पैसा? प्रश्न योग्य आहे. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण थोडा इतिहास पाहावा. आज आपण खांद्यावरून कमरेपर्यंत जो पट्टा बांधतो, तो स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील नील्स बोलिन ह्या अभियंत्याने तयार केला आणि १९५९ साली तो गाड्यांत आला. कंपनीने त्याचा वापर इतरांनाही खुला करून दिला. जोराने ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. एअरबॅग १९८१ साली त्याच वर्गातल्या गाडीत आली. १९९५ साली पिंपरीला मर्सिडीजच्या गाड्या तयार होऊ लागल्या तेव्हा आपल्याकडील सामान्य माणसाला ह्या गोष्टी ऐकूनही ठाऊक नव्हत्या. पण पुढे काय झाले? भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ मध्ये शेजारच्या आसनासाठीही. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशातच गाड्या आदळून, तपासून त्यांना तारे देण्याची पद्धत सुरू झाली. जे सुख श्रीमंताच्या गाडीतून सुरू झाले ते चाळीस वर्षांत लहान गाडीपर्यंत उतरले. वजनाचा फायदा मोठ्या गाडीला अजूनही आहे, हे मी नाकारत नाही. परंतु केवळ सुरक्षेसाठी जुना हत्ती पोसण्याची आता गरज उरलेली नाही.

आणि मोठी गाडी असली तरी पट्टा आपणच बांधावा लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ह्यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी महागडी होती, सर्व साधने तिच्यात होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले; मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या प्रवाशाने पट्टा बांधावा हा नियम आधीपासूनच होता. आपण तो मानत नाही, एवढेच. आज येथून घरी जाताना मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता ज्यांच्या मनात अशी गाडी घ्यायची इच्छा आहे, त्यांना माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पहिली, गाडी पाहायला सकाळी लवकर जावे, मालकाने सुरू करण्यापूर्वी. चारही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का ते पाहावे आणि थंड इंजिन कसे सुरू होते ते ऐकावे. दुसरी, खरेदीच्या आधी सुट्या भागांच्या दुकानात जाऊन टायर, ब्रेक, बॅटरी आणि सस्पेन्शन ह्यांचे भाव लिहून आणावेत. तिसरी, किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवावी आणि ती फक्त गाडीची समजावी. ती ठेवता येत नसेल तर गाडी परवडत नाही, असे खुशाल समजावे. हप्ता भरता येतो ह्याचा अर्थ गाडी परवडते असा होत नाही. कर्जाच्या टेबलावर बसून मी हे रोज पाहतो. चौथी, घरात म्हातारे माणूस असेल, अडीअडचणीला गाडी लागणार असेल, तर घरातली एकुलती एक गाडी अशी असू नये.

आज आमच्याकडे एक लहान गाडी आहे. खड्ड्यात ती आपटते, शंभरच्या पुढे कुरकुरते, पहारेकरी पुन्हा वर्तमानपत्र वाचतो. पण पहाटे दोन वाजता किल्ली फिरवली तर ती सुरू होईल, एवढी काळजी मी घेतो. दर रविवारी सकाळी मी आणि आबा मिळून तिचे बॉनेट उघडतो. आबा आता जवळजवळ ऐंशीचे आहेत. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून तेलाची पट्टी मी पाहतो आणि ते इंजिन ऐकतात. मागच्या रविवारी ते म्हणाले, "पट्टा थोडा सैल झालाय. उद्या दाखवून घे."

मी सोमवारी बँकेत जाण्यापूर्वीच गॅरेजमध्ये गेलो.